मुक्या विहिरीतला बिजू आणि पंचवीस जाणकार वाचक

गोरखपूर, जबलपूर
सोमवार, २७ डिसेंबर १९७१

तीर्थस्वरूप श्रीपाददादा यांच्या चरणी जबलपूरहून दिवाकरचा साष्टांग नमस्कार पोचावा. आपल्या आशीर्वादाने, फॅक्टरीच्या ओव्हरटाइमने आणि आपल्या भगिनीच्या देखरेखीखाली आम्ही इथे ठीक आहोत. आपला गुडघा कसा आहे? वहिनींचा दमा नागपूरच्या थंडीत वर येतो, तेव्हा त्यांना सकाळच्या पारी अंगणात बसू देऊ नये, असं हेमलताने मुद्दाम लिहायला सांगितलं आहे. (ती शेजारीच लसूण सोलत बसली आहे आणि दर ओळीला मान वाकडी करून काय लिहिलं ते पाहते आहे. त्यामुळे या पत्रात जिथे जिथे आपल्याविषयी फारच आदर दिसेल, तिथे थोडा माझा आणि बाकीचा तिच्या धाकाचा समजावा.)

आपलं दिवाळीनंतरचं पत्र आणि पार्सल दोन्ही मिळालं. पत्र पोस्टमनने आणून दिलं. पार्सल मात्र स्टेशनवर जाऊन सोडवावं लागलं, आणि सायकलच्या कॅरियरवर ठेवताच पुढचं चाक वर उचललं गेलं. शेवटी स्टेशनपासून घरापर्यंत सायकल ढकलत आणली. वाटेत राइट टाउनात एका भल्या माणसाने थांबवून विचारलं, ‘क्यों भैया, चक्की का पाट ले जा रहे हो?’ मी म्हटलं, ‘नहीं जी, हमारे साले साहब की किताबें हैं.’ (हेमलता म्हणते, ‘साले साहब’ खोडा. पण खाडाखोड केलेलं पत्र आपल्याला चालत नाही, हे मला लग्नाआधीपासून ठाऊक आहे.)

पार्सलात ‘समरसागराच्या काठी’ या आपल्या महायुद्धाच्या इतिहासाचे तिन्ही खंड निघाले, प्रत्येकाच्या पाच पाच प्रती. आणि त्यांच्या खाली, मोठ्या पुस्तकांना हादरे बसू नयेत म्हणून भरावं तशी, ‘पितळी होडीचा प्रवास, भाग पहिला’ या आपल्या मुलांच्या पुस्तकाची दहा बारीक पुस्तकं. आपल्या पत्राचा मजकूर मी तीनदा वाचला. प्रकाशकांकडे यंदा एकाच पुस्तकापुरता कागद आहे. तेव्हा इतिहासाचा चौथा खंड काढायचा की होडीचा दुसरा भाग, हे पंचवीस जाणकार वाचकांच्या लेखी अभिप्रायांवरून ठरवायचं. ते वाचक जबलपूरचेच हवेत, कारण ‘जिथे तोफा घडतात, तिथल्या माणसाला युद्धाची जाण उपजतच असते’. वाक्य देखणं आहे. होडीविषयी आपण समासात लिहिलं होतं की ते पावसाळ्यात गुडघा आखडून पडलो असताना करमणूक म्हणून खरडलं, पोरासोरांकडे द्यावं, जाणत्यांना त्याचा त्रास देऊ नये.

आता त्रासाचंच सांगतो. आमच्या वाचनालयाला दोन खोल्या आणि एक चिटणीस आहे. चिटणीस मी आहे, कारण अकरा वर्षांपूर्वी ज्या सभेत निवड झाली तिला मी पाच मिनिटं उशिरा पोचलो. श्रावणापासून फॅक्टरीत बारा बारा तासांच्या पाळ्या चालू आहेत. कामावरून आलेला माणूस घरी चहा पिता पिता बसल्याजागी घोरतो. अशा माणसाच्या हातात सहाशे चाळीस पानांचा खंड द्यायचा आणि वर अभिप्राय मागायचा, हे काम मोरीतल्या उंदराला गीता ऐकवण्याइतकंच सोपं होतं. त्यातून आमचे अध्यक्ष भय्यासाहेब. रेल्वेतून निवृत्त झाले, तरी अजून हिरवं निशाण दाखवल्याशिवाय कोणाला हलू देत नाहीत. देश लढाईच्या तोंडावर आहे आणि तुम्ही पऱ्या कसल्या वाचता, असं म्हणून त्यांनी दसऱ्यालाच मुलांचं कपाट बंद करून किल्ली जानव्याला बांधली होती. त्यांना आपले खंड पाहून भरून आलं. होडीच्या दहाही प्रती त्यांनी त्या बंद कपाटात टाकल्या, आणि लढाई होऊन संपेपर्यंत मुलांनीसुद्धा इतिहासच वाचावा, असा ठराव केला. (ठरावाला सूचक तेच, अनुमोदकही तेच. मी फक्त लिहून घेतला.)

इथून पुढची चूक माझी, हे आधीच कबूल करतो. मी एकवीस वर्षं तपासणी विभागात आहे. माझ्या टेबलावर माल येतो, मी तो मोजतो आणि चिठ्ठीवर तीनांपैकी एका रकान्यात खूण करतो: पास, रिजेक्ट, नाहीतर रीवर्क, म्हणजे दुरुस्त करून पुन्हा आणा. दुसऱ्या कुठल्या प्रकारे जगाविषयी मत द्यायचं, हे मी विसरूनच गेलो आहे. त्यामुळे अभिप्रायाची चिठ्ठी करायला बसलो, तेव्हा हात आपोआप त्याच रेघा मारत गेला. ‘मालाचे नाव’ खोडून ‘पुस्तकाचे नाव’ केलं. खालचे रकाने तसेच राहिले. मोजमाप. दोष असल्यास नेमकी जागा. निर्णय. सायक्लोस्टाइल करून पन्नास चिठ्ठ्या वाटल्या. आमचे सभासद फॅक्टरीचे, नाहीतर फौजेच्या सामानाच्या डेपोचे. त्यांच्या हातात ती चिठ्ठी पडली आणि हाडाची सवय जागी झाली.

पहिला अभिप्राय असा आला: ‘खंड पहिला. लांबी साडेनऊ इंच. जाडी वरच्या टोकाला सव्वादोन, खालच्या टोकाला दोन. माल तिरका आहे. रीवर्क.’ दुसऱ्याने पानांची जाडी व्हर्नियरने मोजून दोनशे पानांनंतर कागद बदलला आहे, हे शोधून काढलं. (ते खरं आहे का? असल्यास प्रकाशकाला विचारावं.) तिसऱ्याने शिवणीची ताकद पाहण्यासाठी पुस्तक दोन्ही पुठ्ठ्यांना धरून उचललं, हिसका दिला आणि ‘सांधा निकामी’ असा शेरा मारून दोन तुकडे परत आणून दिले. वर मला म्हणाला, ‘नमुन्याचा एक नग तोडावाच लागते ना साहेब.’ मी कपाळाला हात लावला. तोडावाच लागतो, हे मीच त्याला शिकवलं होतं.

मग मी रविवारी सगळ्यांना वाचनालयात बोलावून समजावलं की बाबांनो, पुस्तक म्हणजे पुठ्ठा नव्हे, आत जे लिहिलं आहे त्याविषयी सांगा. हे मी केलं नसतं तर फार बरं झालं असतं, कारण त्यांनी आतलं वाचलं. मुरलीधर म्हणून आमचा सगळ्यात जुना फिटर आहे. मूळचा वर्ध्याकडचा, तीस वर्षं हातात कानस. त्याने तीन आठवडे जेवणाच्या सुट्टीत आपला दुसरा खंड वाचला आणि चिठ्ठी पुरली नाही म्हणून पाठकोऱ्या कागदांवर सत्तेचाळीस दोष लिहून आणले. दोन माणसं एक तोफ डोंगरावर चढवतात, असं आपण लिहिलं आहे. त्या तोफेचं वजन मुरलीधरला तोंडपाठ आहे. (मी ते इथे लिहीत नाही. गुप्ततेचा कायदा आहे आणि पत्रं फोडतात म्हणे. आमच्या गोरखपूर मोहल्ल्यातल्या भाजीवालीलासुद्धा ते वजन माहीत आहे, पण माझ्या हातून जायला नको.) तरी ते मी देशप्रेमाच्या नावाखाली रेटून नेलं. तो मात्र पान तीनशे आठवर अडून बसला.

‘दिवाकरबाबू, ह्या लिहिणाऱ्याने तोफ पायली तरी आहे का जी?’ मुरलीधर म्हणाला. ‘बावीस गोळे मारले म्हणते, अन् मग तो गोळे डागणारा तोफची नळीले कवटाळून रडून राहिला. भाजत काहून नाही त्याले?’

मी म्हटलं की साहित्यात असं चालतं. त्यावर तो म्हणाला, ‘साहित्यात कातडी नसते का?’ दादा, मी आपला मेहुणा आहे, मी आपली बाजू घेतलीच. तोफचीने हातमोजे घातले असतील, असं मी म्हणालो. त्याने पान उलटून दाखवलं. वरच्याच ओळीत तो ‘उघड्या छातीचा वीर’ होता.

भय्यासाहेबांच्या ठरावानुसार मुलांनाही खंड दिले. आमच्या प्रतिमाने पहिला खंड पंधरा दिवस वाचला. (दहा वर्षांची आहे. मराठी सगळं समजतं, बोलताना मात्र गाडी दर दोन शब्दांनी हिंदीच्या रुळावर जाते.) तिचा तोंडी अभिप्राय जसाच्या तसा देतो: ‘बाबा, ह्यात सगळे मरूनच राहिले. कोई वापस भी आता है क्या?’ शेवटी हिशेब असा झाला की इतिहासावर पंचवीस चिठ्ठ्या आल्या. त्यांपैकी एकोणीस रीवर्क, चार रिजेक्ट, दोन पास. दोन पासांपैकी एक माझी. दुसरी हेमलताची, आणि तिने खंड उघडला नव्हता.

आता होडी. दहाही प्रती कुलपात, किल्ली भय्यासाहेबांच्या जानव्याला, हे वर सांगितलंच. तरीसुद्धा नोव्हेंबरच्या मध्यात मला फॅक्टरीत एकाच्या डब्याच्या पिशवीत पोळ्यांखाली पितळी होडी दिसली. दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच्या. मी चिटणीस, माझ्या दप्तरात नोंद नाही, आणि पुस्तक फिरतं आहे! चोर धरायचाच म्हणून उलटा माग काढत गेलो, तो माग थेट भय्यासाहेबांच्या ओसरीवर पोचला. मुलांना अपायकारक काही आहे का, ते तपासायला त्यांनी एक प्रत घरी नेली होती. तपासता तपासता शेवटपर्यंत पोचले. मग दुसरं कोणी शेवटपर्यंत पोचलं तर त्याला काय वाटतं, हे पाहायला त्यांनी ती आपल्या मुलाला दिली. मुलगा फॅक्टरीत आहे. तिथून पुढे दहाच्या दहा प्रती बाहेर पडल्या.

मी जाब विचारायला गेलो, तर मलाच बसवून घेतलं. मुलांच्या मनावर अशा पुस्तकांचा फार वाईट परिणाम होतो, यावर अर्धा तास बोलले. मी निघालो, तेव्हा दारापर्यंत आले आणि आवाज खाली आणून म्हणाले, ‘तो पोरगा विहिरीतून वर येतो ना हो? तुमचे मेहुणे आहेत, तुम्हाला सांगितलं असेल.’

दादा, मला कोणी काही सांगितलेलं नाही. मला फक्त खंड पाठवलेले आहेत. आपणच लिहिलेली गोष्ट आपल्याला सांगणं हा आगाऊपणा आहे, पण आपण ती गुडघेदुखीत लिहिली, म्हणून आठवण करून देतो. तारी आणि बिजू ही बहीणभावंडं पितळी होडीतून ढगांवरून जातात. वाऱ्याची किल्ली मुक्या विहिरीत पडलेली असते. त्या विहिरीत हाक मारली तर प्रतिध्वनी येत नाही. बिजू कमरेला दोर बांधून खाली उतरतो. दोर तुटतो. तारी तीन हाका मारते. आतून काही ऐकू येत नाही. ‘पहिला भाग समाप्त.’ असं कोणी करतं का? घरादाराची माणसं आहेत सगळी. (हेमलता म्हणते, जरा सौम्य लिहा. मी सौम्यच लिहिलं आहे. भय्यासाहेब काय म्हणाले ते लिहिलेलं नाही.)

होडीवर मी अभिप्राय मागितले नव्हते. आले एकतीस. आणि एकात म्हणून एकात पुस्तक चांगलं की वाईट हे लिहिलेलं नाही. सगळ्यांत बिजूला वर कसं काढायचं ते लिहिलं आहे. विहिरीची खोली पान नव्वदवर वीस पुरुष आणि पान एकशे एकतीसवर चौदा आहे. यावरून लोहारखाता आणि फिटिंगखाता यांच्यात आठ दिवस बोलणं बंद होतं, कारण वीस धरले तर दोर पुरत नाही आणि चौदा धरले तर तो तुटायला नको होता. डेपोतल्या एकाने होडीचा नांगर सोडावा, असं सुचवलं. त्याला तिघांनी उत्तर दिलं की नांगर पितळी, तो वाकेल. भय्यासाहेबांनी रेल्वेच्या पद्धतीने दोन बाजूंनी दोन दोर आणि मध्ये झेंडीवाला, अशी योजना दिली आणि खाली सही न करता ‘एक वाचक’ लिहिलं. अक्षर मी अकरा वर्षं ठरावांच्या खाली पाहतो आहे. मुरलीधरने तर साखळीच्या कप्पीचं मापांसकट ड्रॉइंगच काढून दिलं. मी त्याला चिडून विचारलं की अरे, होडी ढगांवरून चालते, तो दोष तुला दिसला नाही, आणि माझ्या मेहुण्याच्या तोफेत सत्तेचाळीस दिसले?

‘ते गोष्ट आहे जी,’ तो म्हणाला. ‘दिवसभर मी जे घासून राहिलो, ते पुढे जाऊन काय करते, मले मालूम आहे. त्याचं पुस्तक कायले वाचू? ह्यात तर पोरगं वर याचं आहे अजून.’

मी त्याचं ड्रॉइंग पास केलं.

हे सगळं मी सहन केलं असतं. पण आमच्या भिंतीला भिंत लागून राधाबाई राहतात. आपण मागे प्रतिमाच्या बारशाला आला होता, तेव्हा ज्यांनी आपल्याला तीळ लावलेल्या भाकरी करून घातल्या, त्याच. यजमान फॅक्टरीतच होते, पाच वर्षांपूर्वी गेले. एकुलता एक मुलगा विनय फौजेत आहे, पूर्वेकडे. त्याचं शेवटचं पत्र नोव्हेंबरच्या दहा तारखेचं. या सोळाला तिकडची लढाई थांबली. इथे गल्लीत पेढे वाटले, फटाके उडाले, भय्यासाहेबांनी भाषण केलं. राधाबाईंनी पेढा घेतला आणि पदराच्या टोकाला बांधून ठेवला. पोस्टमन दुपारी येतो, तेव्हा त्या दारात उभ्या असतात. त्याला आता काही विचारत नाहीत, तोही सायकलवरून न उतरताच मान हलवून पुढे जातो.

त्यांना एका डोळ्यात मोतीबिंदू आहे, छापील बारीक अक्षर दिसत नाही. म्हणून लढाईच्या दिवसांत प्रतिमा रोज शाळेतून आल्यावर त्यांच्याकडे बसून होडी वाचून दाखवायची. तेवढीच त्यांची करमणूक होते, म्हणून आम्हीच पाठवत होतो. पुस्तक संपलं त्या दिवसापासून राधाबाई रोज आमच्या दारात येतात आणि एकच विचारतात, ‘दिवाकरजी, तुमच्या मेहुण्याचं पत्र आलं का जी? ते पोरगं वर आलं का?’ विनयचं नाव काढत नाहीत. मी दुसरा भाग अजून लिहायचा आहे म्हणून सांगतो. त्या म्हणतात, ‘लिहाचा आहे म्हणजे त्याईले तरी मालूम असनच ना?’ मग मी चिडतो. खरं सांगायचं तर फॅक्टरीत मी चिडतो, वाचनालयात चिडतो, आपल्यावर तर दीड महिना चिडलेलोच आहे, पण त्या म्हातारीसमोर चिडलो की माझी मलाच लाज वाटते.

असो. निर्णय आपला आहे. हेमलता आता लसूण बाजूला ठेवून सांगते आहे, तसं लिहितो. दादाने त्या इतिहासात सहा वर्षं घातली, डोळे घालवले, सुट्ट्या घालवल्या. पोरांच्या गोष्टीसाठी तो बाजूला ठेव, असं आम्ही कोण सांगणार, असं तिचं म्हणणं आहे, आणि आपण तिचे थोरले भाऊ आहात. सबब कळवतो की जबलपूरच्या जाणकार वाचकांनी आपला इतिहास अत्यंत बारकाईने वाचला, पानोपानी खुणा केल्या, एका प्रतीचे तर प्रेमाने दोन भाग झाले. तरी आपण चौथा खंड अवश्य हाती घ्यावा. तोफा मात्र लिहिण्याआधी मुरलीधरला दाखवून घ्याव्या. गुडघ्याला शेक चालू ठेवावा. वहिनींस नमस्कार, मुलांना आशीर्वाद. लोभ आहेच, तो या पत्रानंतरही राहावा.

आपला आज्ञाधारक,
दिवाकर

ता. क. हेमलता लसूण घेऊन आत गेली आहे. वरचा शेवटचा परिच्छेद रद्द समजावा. होडीचा दुसरा भाग काढा. कागद एकाच पुस्तकापुरता असेल तर त्याच्यावर बिजूला बाहेर काढा. महायुद्ध संपून सव्वीस वर्षं झाली, ते आणखी एक वर्ष थांबेल.

आणखी एक ता. क. पत्र पाकिटात घातलं होतं, ते परत काढलं, कारण एक गोष्ट लपवून ठेवणं बरं नाही. मागच्या सोमवारी राधाबाई आल्या, तेव्हा त्यांचा चेहरा मला बघवला नाही आणि माझ्या तोंडून निघून गेलं की हो, दादांचं पत्र आलं आहे. एकदा आलं म्हटल्यावर वाचून दाखवणं भाग होतं. खिशात फॅक्टरीच्या कॅन्टीनची बदललेली वेळ कळवणारं परिपत्रक होतं. तेच समोर धरून मी वाचलं. तारीने चौथी हाक मारली. विहीर मुकी होती, पण बहिरी नव्हती. कप्पीवरून नवा दोर सोडला, त्याला खालून दोन झटके आले. (कप्पी मुरलीधरच्या ड्रॉइंगप्रमाणे, त्यात दोष नाही.) बिजू वर आला. एका पायातली चप्पल विहिरीतच राहिली, बाकी धडधाकट. मी थांबलो, तर राधाबाईंनी विचारलं, ‘जेवला का तो?’ हे मी ठरवलेलं नव्हतं. समोर हेमलता इथल्या जवळच्या पनागर गावचे मटार सोलत होती, म्हणून मी मटाराची उसळ आणि गरम पोळ्या वाचल्या. किती पोळ्या, तेही त्यांनी विचारलं. पाच. ते परिपत्रक त्यांनी माझ्या हातून मागून घेतलं, घडी करून घरी नेलं, आणि त्या संध्याकाळी बऱ्याच दिवसांनी त्यांच्या घरून फोडणीचा वास आला. तेव्हा दुसऱ्या भागात चप्पल, उसळ आणि पाच पोळ्या एवढं जमवून घ्यावं, कारण गल्लीभर तेच सांगून झालं आहे. लोहारखात्याने मिठाई मागवली. भय्यासाहेब मला रस्त्यात थांबवून, ‘झेंडीवाला होता का?’ असं विचारून गेले.

तिसरा आणि शेवटचा ता. क. आत्ता, मी हे लिहीत असताना, राधाबाई येऊन गेल्या. परिपत्रक परत द्यायला आल्या होत्या. आठवडाभर ते देवापाशी ठेवलं होतं, त्याला कुंकू लागलं आहे. टेबलावर ठेवून म्हणाल्या, ‘दिवाकरजी, हेडिंगचं मोठं अक्षर मले दिसते जी. ह्याच्यावर तर कँटीन लिहून आहे.’ मी मान खाली घातली. त्या पुढे म्हणाल्या, ‘वाचलं तुमी छानच. ते बोल मी आठ दिवस आठवून राहिले. पण आता जो लिहिते ना, त्याच्याच हातचं आलं पाहिजे.’ एवढं बोलून त्या परत दारात जाऊन उभ्या राहिल्या, पोस्टमनची वेळ झाली होती. हेमलताने हे सगळं आतून ऐकलं. बाहेर आली, वरचं सगळं पत्र वाचलं, ‘साले साहब’सकट, आणि एक अक्षरही खोडायला सांगितलं नाही. फक्त म्हणाली, ‘दादाला लिहा, छापायची वाट पाहू नको. एका कार्डावर लिही, स्वतःच्या अक्षरात, मोठ्या मोठ्या अक्षरात, राधाबाईंच्या नावावर.’ दादा, पोस्टमन आत्ताच मान हलवून गेला. विनयच्या पत्रासाठी आम्हाला काही करता येत नाही. बिजूचं पत्र तुमच्या हातात आहे. ते पहिल्या टपालाने टाका.